चपलांजवळची खुर्ची

या, बसा. माझ्यावर नको, खाली चटईवर बसा. माझ्यावर बसायला या सभाघरात कुणालाच परवानगी नाही. माझ्या अंगावर झाडाच्या सालीच्या कापडाची नक्षीदार चादर घातली आहे, तिला इथं मासी म्हणतात. हाताला फुलांची माळ आहे, ती कधीच वाळली. पोरं जवळ आली की बायका डोळे वटारतात. नव्या पाहुण्याला वाटतं, हे कुणा राणीचं आसन असणार.

राणीबिणी कुणी नाही हो. मी चाकाची खुर्ची बोलतेय. पाण्याच्या पायपाची, सायकलच्या चाकांची आणि मासे धरायच्या दोरीची. ज्याच्यासाठी मला बनवलं, तो माझ्यावर जेमतेम चौदा महिने बसला. का, ते सांगते. मनात ठेवून ठेवून गंजायची वेळ आली आहे.

त्याचं नाव इनोसी. वुनिदिलो गावात मासेमारांचं एक कूळ आहे, त्यातला हा. तुरागा म्हणजे गावचे सरदार. त्यांच्या घरी कार्य निघालं की मासे आणायचा मान या कुळाचा. इनोसी पाण्यात उतरला की वर कधी येईल याचा नेम नसायचा. एका वर्षी व्यापाऱ्याची होडी हवेच्या टाक्या घेऊन आली. तळाशी जाऊन समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीसारखे दिसणारे मऊ जीव, वेचायच्या होत्या. इनोसीनं एका दिवसात चार टाक्या संपवल्या आणि चौथ्या वेळी घाईघाईनं वर आला. खोलातून असं झटकन वर आलं की रक्तात हवेचे बुडबुडे होतात. होडीत बसला आणि हसत म्हणाला, "पाय झोपले रे माझे." ते पाय पुन्हा उठले नाहीत. कमरेखाली सगळं बंद झालं.

इस्पितळातून आल्यावर सात महिने तो घरात खिडकीखाली पडून होता. शेजारच्या गावात परदेशातून एक चकचकीत खुर्ची आली होती. तिची चाकं बशीएवढी. वाळूत रुतली ती रुतलीच, आता तिच्यात कोंबडी अंडी घालते. इनोसीच्या मामानं, अपिसाईनं, ती खुर्ची उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "ही फरशीवरची बाई. आपल्याला वाळूतली पाहिजे."

अपिसाई मामा धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. तो लाम्बासा शहराला गेला, तिथं एका शेडमध्ये अशा खुर्च्या करायला शिकवत होते. आठ दिवस राहिला आणि सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर माझं चित्र काढून घेऊन आला. चित्रात सगळं होतं, फक्त चाकं कुठून आणायची ते नव्हतं.

"मामा, तुझ्या सायकलची चाकं चांगली आहेत," इनोसी पडल्या पडल्या म्हणाला.

"तिच्याकडे बघू नकोस."

"बघत नाही. मागतोय."

झालं! बहिणीच्या मुलानं मागितलं की मामानं नाही म्हणायचं नाही, ही इथली रीत. मामा चाकं सोडवताना पुटपुटत होता, "तुझ्या आईसाठी माझी डुकरं गेली, तुझ्या लग्नात माझी होडी गेली. तुम्ही लोकांनी माझ्या घरात आता मला एकट्याला ठेवलंय."

"तुला पण नेलं असतं," इनोसी म्हणाला, "पण तू फार खातोस."

सात महिन्यांत त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. इनोसीची बायको ताराइविनी चुलीपाशी होती. ती हसता हसता रडायला लागली आणि धुराचं निमित्त करून बाहेर गेली.

पाण्याच्या योजनेचे पायप शाळेमागे पडून होते. पहिला पायप तसाच वाकवला, तो मधेच चेपला. मग मामानं पायपात वाळू ठासली, दोन्ही तोंडांना लाकडाचे बूच मारले आणि विलायती फणसाच्या झाडाच्या बेचक्यात अडकवून तिघांनी अंग टाकलं. माझा पाठीचा कणा असा झाडानं वळवला. पुढची दोन लहान चाकं वेसी नावाच्या झाडाच्या टणक लाकडाची, वर टायरची पट्टी. बसायची जागा जाळ्याच्या दोरीनं विणलेली. मी देखणी नव्हते, पण वाळूत रुतत नव्हते. खुर्चीला आणखी काय हवं?

एक गोष्ट हवी होती, गादी. तिच्यासाठी सिस्टर वेनियाना दवाखान्यातून चालत आली. बाई बोलायला तिखट. मामानं केलेल्या गादीवर तिनं मूठ दाबली.

"मूठ तळाला लागली. पुन्हा करा."

दुसऱ्यांदा लागली. तिसऱ्यांदा मामानं ट्यूबच्या पट्ट्या विणल्या, त्यावर नारळाच्या काथ्याचा थर दिला, त्यावर स्वतःच्या अंथरुणातला फोम कापून घातला. चार बोटं जाडीची गादी झाली. या वेळी मूठ तळाला लागली नाही.

"आता नीट ऐका सगळे," सिस्टर म्हणाली. "याला कमरेखाली काही कळत नाही. आपण कठीण जागेवर बसलो की बूड दुखतं, आपण सरकतो. याचं दुखणार नाही, म्हणून हा सरकणार नाही. कातडी आतून कुजेल. दर थोड्या वेळानं हातांवर अंग उचलायचं आणि या गादीशिवाय कुठंच बसायचं नाही. या गादीवर हा म्हातारा होईल. नुसत्या जमिनीवर बसला तर वर्ष काढणार नाही. कळलं?"

"कळलं," सगळे म्हणाले. मीही ऐकलं. माझ्याइतकं ते कुणी लक्षात ठेवलं नाही.

पहिले महिने फार चांगले गेले. मी त्याला किनाऱ्यावर नेत असे. तो जाळी विणायचा, टॅरोचे, म्हणजे अळूचे, कंद सोलायचा, येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायचा. ताराइविनी मला ढकलताना म्हणायची, "लग्नात तू मला होडीत बसवून आणलंस, आता मी तुला ढकलून ढकलून फेडतेय." तो म्हणायचा, "मग जरा वेगानं फेड, भूक लागलीय." अंग उचलायचंही तो विसरत नसे. माझ्या दांड्यांवर त्याचे तळहात घासून घासून रंग उडाला, तो अजून तसाच आहे, मासी उचलली तर दिसेल.

मग तुरागांच्या थोरल्या भावाचं निधन झालं.

चार दिवस कार्य होतं. मासेमारांचं कूळ मासे घेऊन आलं आणि इनोसी त्यांच्यात नव्हता असं कधी झालं नव्हतं. ताराइविनी मला ढकलत याच सभाघराच्या दाराशी घेऊन आली. आत तुरागा तीन चटयांच्या थरावर बसले होते, बाकी गाव एकेका चटईवर. यांगोना म्हणजे मुळं कुटून केलेलं पेय, त्याचं मोठं लाकडी भांडं मधे होतं. जो उठेल तो कमरेत वाकून, "तिलोऊ, तिलोऊ" म्हणत, माफी मागत सरकत होता. तुरागांच्या डोक्याच्या वर कुणाचं डोकं जायचं नाही, हे इथं आईच्या दुधाबरोबर कळतं.

आणि माझ्यावर बसलेल्या इनोसीचं डोकं सगळ्यांच्या वर होतं.

कुणी एक शब्द बोललं नाही. कुणी वाईट नजरेनं पाहिलंसुद्धा नाही. इनोसी स्वतःच म्हणाला, "मला खाली उतरवा."

"गादी तरी घे," ताराइविनी हळूच म्हणाली.

"वेडी आहेस का? तुरागांसारखा उंचावर बसू? मला चटई पुरे."

दोघांनी त्याला उचलून आत नेलं. सगळ्यांनी सरकून त्याला त्याची जुनी जागा दिली, डाव्या खांबाजवळची. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी गालाला गाल लावला. "आला, आमचा इनोसी आला!" त्याला किती बरं वाटलं ते मला दारातून दिसत होतं. सात महिने आणि वर काही महिने तो आजारी माणूस होता. त्या चटईवर तो पुन्हा मासेमार झाला.

मी बाहेर राहिले, चपलांजवळ, मांडीवर गादी घेऊन.

सकाळपासून दुपार झाली, दुपार कलली. यांगोनाच्या वाट्या फिरल्या, टाळ्या वाजल्या, मासे वाटले गेले. तो हातांवर अंग उचलत नव्हता. उचललं तर डोकं वर जाईल ना! चार दिवस हे असंच चाललं. पाचव्या दिवशी सिस्टरनं पाहिलं तेव्हा मागं बंद्या नाण्याएवढा लाल डाग होता.

तिनं कुणालाच सोडलं नाही. "मी काय भिंतीशी बोलले होते? हा डाग वर दिसतो तेवढा नसतो, आत त्याच्या दुप्पट असतो. पंधरा दिवस पालथा झोप. आणि पुन्हा खाली बसायचं असेल तर गादी घेऊन बस. कोण तुला गादीवरून हाकलतं बघू!"

कुणीच हाकललं नसतं, हीच तर अडचण होती.

डाग बरा झाला. पण गाव म्हटलं की कार्यं आलीच. कधी लग्न, कधी चर्चची वर्गणी, कधी पाहुण्यांचं स्वागत. मामाला झोप लागेना. तो सेकोवेकडे गेला. तुरागा स्वतः लोकांशी थेट बोलत नाहीत, त्यांच्या वतीनं सेकोवे बोलतो. दोघं या दारातच, माझ्या शेजारी उभे राहिले.

"तुरागांना एवढंच विचार," मामा म्हणाला, "की इनोसीनं खुर्चीवर बसलेलं चालेल का. नाहीतर निदान गादीवर."

सेकोवे बराच वेळ पायानं वाळू उकरत राहिला. माणूस वाईट नाही.

"अपिसाई, विचारलं तर ते हो म्हणतील."

"मग विचार की!"

"हो म्हणतील म्हणूनच विचारता येत नाही. त्यांना नाही म्हणताच येणार नाही. आपण मागायचं आणि त्यांनी सगळ्या गावासमोर आपल्या माणसाखाली बसायचं? ही मागणी झाली की जबरदस्ती? आणि अशी मोठी गोष्ट मागायची तर रीतीनं देवमाशाचा दात पुढं ठेवावा लागेल. एका गादीसाठी दात?"

मामाच्या घरी एक दात होता. बापाकडून आलेला, जपून ठेवलेला. गादीसाठी दात म्हटल्यावर मामालाच लाज वाटली. "खरंय," तो म्हणाला. "लोक हसतील." आणि निघून गेला.

भीड भिकेची बहीण, म्हणतात. या गावात मला ती भिकेहून वाईट दिसली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, पण मला चाकं दिली होती, तोंड नाही.

त्यानंतर इनोसी प्रत्येक कार्याला दारात उतरला. आता तो सांगतही नसे, नुसते हात वर करायचा आणि दोघं त्याला उचलायचे. एका लग्नानंतर घरी परत जाताना मला काहीतरी वेगळं जाणवलं. गादीच्या वरच्या कापडाला ओल लागली होती. थोडीशी, चिकट. दुसऱ्या दिवशी जास्त. मग वास यायला लागला. इनोसीलाही तो आला असणार, कारण त्यानं त्या दिवसापासून अंगाला खोबरेल चोपडायला सुरुवात केली आणि सिस्टर येताना दिसली की मला वळवून किनाऱ्याकडे पळायचा.

ताराइविनीनं एका दुपारी गादीचं वरचं कापड धुवायला काढलं आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली.

"किती दिवस झाले?"

त्यानं चाकं समुद्राकडे वळवली.

"इनोसी, मी विचारतेय. किती दिवस?"

"दोन महिने असतील. दुखत नाही गं."

"दुखत नाही म्हणूनच मरशील! सिस्टरला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर ती मला आत बसू देणार नाही. मग मी कोण? दाराबाहेर बसून खिडकीतून बघणारा पांगळा. तारा, त्या खांबाजवळ बसलो ना, की मला पाय आहेत असं वाटतं. सगळेच मांडी घालून बसलेले असतात. कुणाचेच पाय चालत नसतात तिथं."

ती त्याच्या पायाशी बसली आणि तिनं त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. त्याला ते कळलं नाही, दिसलं तेवढंच. मला मात्र दोघांचंही वजन कळत होतं.

होडीनं त्याला इस्पितळात नेलं. मी धक्क्यावर राहिले. जाताना तो म्हणाला, "मामा, चाकांत तेल घालून ठेव. आलो की लागतील." जखम हाडापर्यंत गेली होती आणि विष रक्तात पसरलं होतं. डॉक्टरांनी सहा आठवडे झुंज दिली. मामा रोज तेल घालत होता. सातव्या आठवड्यात तीच होडी परत आली, आणि धक्क्यावरच्या लोकांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

त्याला याच सभाघरात ठेवलं. रीतीप्रमाणे प्रत्येक घरातून चटई आली. लोकरीचे रंगीत काठ लावलेल्या नव्या चटया, एकावर एक रचल्या. मलाही दाराशी आणून ठेवलं होतं, तिथून मी मोजल्या, अकरा होत्या. इतक्या मऊ जागेवर तो जन्मात कधी निजला नव्हता. आणि तुरागा त्याच्या समोर जमिनीवर बसले होते, त्याच्यापेक्षा हातभर खाली. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

मामा वाकून आत गेला आणि त्यानं देवमाशाचा दात तुरागांपुढं ठेवला. मयताला असा दात ठेवायची रीतच आहे. सेकोवे उत्तराचं बोलायला पुढं झाला, पण तुरागांनी हात करून त्याला थांबवलं. ते स्वतः बोलले. म्हातारा माणूस, दात हातात धरून.

"अपिसाई, सिस्टर म्हणते, गादीवर बसला असता तर जगला असता. खरं का?"

मामानं मान खाली घातली.

"मग मला का नाही विचारलंस?"

"मोठे तुरागा, कसं विचारणार? आपण हो म्हणाला असता."

"हो, म्हणालो असतो! मी चौथी चटई घेतली असती, पाचवी घेतली असती. मलाही खुर्ची आणली असती. त्यात काय होतं?" त्यांनी डाव्या खांबाकडे हात केला. "मी त्याला प्रत्येक कार्याला बघत होतो. तो त्या खांबाशी ताठ बसायचा. मला वाटायचं, खाली आपल्या माणसांत बसण्यात त्याला सुख आहे. वर बस म्हणालो असतो तर वाटलं असतं, तुरागांनी पांगळा म्हणून वेगळा काढला. म्हणून मी गप्प बसलो. हा दात आधी आणला असतास, अपिसाई, तर मी हसलो नसतो रे."

मामा जमिनीला कपाळ टेकून रडला. वरातीमागून घोडं, म्हणतात ना. ते घोडं दारात उभं राहून मी पाहिलं.

इनोसीला पुरल्यावर तुरागांनी हुकूम केला, "ती खुर्ची आत आणा. चपलांजवळ पुन्हा ठेवायची नाही." मला उचलून आणलं, डाव्या खांबाजवळ ठेवलं, मासी घातली, माळ घातली. म्हाताऱ्याच्या मनात प्रायश्चित्त होतं, मला ते कळतं. ज्या जागी मी त्याच्याखाली असायला हवं होतं, त्या जागी मी आहे. फक्त तो नाही.

आता मुख्य गोष्ट ऐका, त्यासाठी तुम्हाला बसवून घेतलंय.

डोंगराच्या पलीकडच्या गावात एमोरी नावाचा माणूस आहे. मागच्या हंगामात व्यापाऱ्याची होडी पुन्हा आली होती. एमोरीही घाईनं वर आला. पाच महिने तो चटईवर पडून आहे. त्याची म्हातारी आई मामाकडे आली होती. मामाकडे आता दुसरी सायकल नाही, पायप संपले. तो तिला घेऊन इथपर्यंत आला. दोघं माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"ही चालेल त्याला?" म्हातारीनं विचारलं.

"मापात बसेल. पण तुरागांनी ठेवलेली वस्तू आहे, बाई. त्यांच्या शोकाची."

सेकोवे जवळच होता. मामानं त्याच्याकडे पाहिलं. सेकोवेनं मान हलवली. "विचारलं तर हो म्हणतील," तो म्हणाला, आणि पुढं काही बोलला नाही. मामाही बोलला नाही. म्हातारी "तिलोऊ" म्हणत वाकून बाहेर गेली. ऐकलंत? एक माणूस मातीत गेला, तरी हे अजून तिथंच आहेत!

शनिवारी ताराइविनी सभाघर झाडायला येते. दर शनिवारी ती माझी गादी बाहेर काढून उन्हात ठेवायची आणि परत आणायची. मागच्या शनिवारी तिनं गादी काढली, तिच्यावर मूठ दाबली. मूठ तळाला लागली नाही. मग तिनं मासी पुन्हा माझ्यावर नीट पसरली, कुणाला आतलं कळू नये अशी, गादी काखेत मारली आणि डोंगराच्या वाटेला लागली. तिनं कुणालाही विचारलं नाही.

म्हणून म्हटलं, माझ्यावर बसू नका. या मासीखाली नुसत्या दोऱ्या आहेत. एमोरी आता त्या गादीवर बसत असेल, पण नुसत्या गादीला चाकं नसतात, तो अजून घरातच आहे.

तुरागा थोड्या वेळानं येतील, तुमचं स्वागत करतील. तुम्ही परगावचे आहात, तुम्हाला इथली भीड नाही. यांगोनाची वाटी हातात आली की प्या, टाळी वाजवा आणि त्यांना एवढंच विचारा, की ही खुर्ची डोंगरापलीकडे नेऊ का. ते हो म्हणतील. ते पहिल्या दिवसापासून हो म्हणणार होते.